चोरी झाल्यास मालक जबाबदार नाही

आमच्या भाडेकराराचं अकरावं कलम असं आहे: भाड्याच्या जागेत चोरी झाल्यास मालक जबाबदार राहणार नाही. ते माझ्या नवऱ्याने कुठल्याशा नमुन्यातून उतरवून घेतलं. सरकारी कारखान्यात जन्म काढलेला इंजिनिअर तो. कोण कशाला जबाबदार नाही, हे कागदावर आलं की त्याला बरं वाटतं. मी त्याची चेष्टा करायचे. आपल्याच माणसांशी असले करार करायचे, तर त्यापेक्षा वरचा मजला रिकामा ठेवलेला बरा, म्हणायचे.

घर जयनगरात आहे. खाली आम्ही दोघं, वर भाडेकरू. वीस वर्षांत मी फाटकाला 'टू-लेट'ची पाटी लावली नाही. इथल्या मराठी मंडळाच्या ग्रुपवर नुसतं टाकायचं की वरची जागा रिकामी होतेय. चार दिवसांत कुणाच्या तरी ओळखीचं, पुण्याचं नाहीतर नागपूरचं, आयटीतलं माणूस चपला काढून सोफ्यावर बसलेलं असायचं. आडनाव कळलं, मूळ गाव कळलं की माझी चौकशी संपली. बाकीचे घरमालक भाडेकरूंच्या नावाने बोटं मोडायचे आणि मी ऐकून मनात हसायचे. मला त्याचा अभिमान होता. खरं सांगायचं तर माजच होता.

भाडेकरू गेला की शहाणे लोक दाराचा लॅच बदलतात. आम्ही कधीच बदलला नाही. राहून गेले ते आपलेच लोक, त्यांच्यावर अविश्वास कसला दाखवायचा, असं माझं म्हणणं. लॅचच्या तीन किल्ल्या. दोन भाडेकरूकडे, तिसरी आमच्या स्वयंपाकघरात खुंटीला. मीही त्याच कारखान्यात तीस वर्षं तपासणी विभागात होते. दुसऱ्यांनी बनवलेला माल नाकारायचा हेच माझं काम, आणि प्रत्येक वस्तूला चिठ्ठी लावायची ही त्या कामाची सवय. किल्ल्यांनाही मी प्लॅस्टिकचे बिल्ले लावले होते आणि त्यांवर नीट अक्षरात घर नंबर, क्रॉस, ब्लॉक, 'वरचा मजला' असं सगळं लिहिलं होतं. किल्ली हरवली तर सापडणाऱ्याला परत देता यावी म्हणून. किल्लीवर पत्ता लिहिण्यात काय चूक आहे, हे लहान मुलाच्याही लक्षात आलं असतं.

मागच्या वर्षी पुण्याचं एक जोडपं जागा सोडून गेलं. जाताना त्यांनी एकच किल्ली परत दिली. दुसरी सामान बांधण्याच्या गोंधळात कुठे गेली कळत नाही, सापडली की कुरिअर करतो म्हणाले. मी म्हटलं, सरी, बरं, काही घाई नाही. नवरा म्हणाला, लॅच बदलून टाकू. मी त्याला गप्प केलं. शॉपिंग कॉम्प्लेक्सपाशी बसणाऱ्या किल्लीवाल्याकडून एक नक्कल करून आणली आणि पुन्हा तीन किल्ल्या झाल्या.

त्यानंतर नागपूरची मुलगी आली. एकटी, तिशीच्या आतली, महादेवपुऱ्यात कंपनीत. वर्षापूर्वी आई गेलेली. मुलगी शांत होती, जिन्यावरून उतरताना पायांचा आवाजसुद्धा करायची नाही. पहिल्याच रविवारी खाली आली आणि विचारलं, "काकू, लॅच बदललाय ना? आधीच्यांकडे चावी राहून जाते कधीकधी, म्हणून विचारलं."

मी भाजी निवडत होते. कालची पोरगी मला माझ्याच घराबद्दल विचारते याचा मला राग आला. शिवाय या आठवड्यात बदलूनच टाकू, असं डोक्यात होतंच. मी म्हटलं, "हो, बदललाय की."

तिने मान डोलावली आणि वर गेली. सुतार त्या आठवड्यात आला नाही. पुढच्या आठवड्यात माझा गुडघा धरला. मग गणपती आले. पुढे तर मला तो लॅच बदललाय असंच वाटू लागलं.

चोरी झाली ती भर दुपारी. आम्ही दोघं मल्लेश्वरमला एका मुंजीला गेलो होतो. मुलगी ऑफिसात. आमच्याकडे आणि वर कामाला येणारी अक्का अकराच्या सुमाराला काम उरकून पुढच्या घरी गेली होती. अख्खी गल्ली तिला अक्का म्हणते. माझ्याहून वीस वर्षांनी लहान असेल, पण मीही अक्काच म्हणायचे. आनेकलच्या बाजूच्या एका गावातून सकाळच्या बसने यायची आणि आमच्या एका गल्लीतली पाच घरं करायची. चौदा वर्षं. माझ्या ऑपरेशनच्या वेळी मला न्हाऊ घालणारी बाई ती.

संध्याकाळी मुलगी आली, किल्लीने दार उघडून आत गेली आणि थोड्या वेळाने जिन्यावरून हाक आली, काकू, जरा वर येता का. दाराला ओरखडासुद्धा नव्हता. आत कपाट मात्र उचकटलेलं. लॅपटॉप गेला होता आणि आईच्या पाटल्या गेल्या होत्या. ती पलंगाच्या कडेला बसली होती. रडत नव्हती. पाटल्या ज्या सुती रुमालात बांधलेल्या होत्या तो चोराने मागे ठेवला होता. तो तिने घडी घालून मांडीवर ठेवला होता.

दुसऱ्या दिवशी सकाळी पोलीस आले, एक सबइन्स्पेक्टर आणि एक हवालदार. मुलीला कन्नड येत नव्हतं, सबइन्स्पेक्टरला तिचं हिंदी धड कळत नव्हतं. मी पन्नास वर्षं या गावात काढलेली. तेव्हा दुभाषी मीच. आमच्या खालच्या व्हरांड्यात सगळे बसले. मागच्या बाजूला अक्का भांडी घासत होती.

त्यांनी विचारलं, किल्ल्या किती आणि कुणाकडे? मुलगी म्हणाली, "दोन माझ्याकडे, दोन्ही आहेत. एक काकूंकडे. लॅच नवीन आहे, मी यायच्या आधी काकूंनी बदललाय."

हे वाक्य मला कन्नडमध्ये सांगायचं होतं. सगळे माझ्याकडे बघत होते. मी सांगितलं. तिच्या वाक्यातला एक शब्दही गाळला नाही.

सबइन्स्पेक्टर म्हणाला, मग सोपं आहे. तुमच्याकडची किल्ली कोण घेतं? मी म्हटलं, खुंटीला असते, कामवाली घेते. त्याने हवालदाराकडे पाहिलं. मुलगी मला मराठीत म्हणाली, त्या बाईंनी नसेल हो केलं, त्यांना सांगा ना तसं. मी तेही सांगितलं, पण ते तेवढं ठासून सांगितलं नाही. तक्रारीत संशयित म्हणून अक्काचं नाव आलं. मुलीला कन्नड वाचता येत नव्हतं. मी तिला कागदाचा अर्थ सांगितला आणि तिने सही केली.

समोरच्या घराचा कॅमेरा त्यांच्या गाडीवर रोखलेला आहे. त्यात आमचं अर्धं फाटक दिसतं. टोपी घातलेला, पाठीवर बॅग असलेला एक माणूस दुपारी त्यात दिसला, पण तसले दिवसाला वीस येतात. गल्लीने लगेच ठरवून टाकलं की अक्काने किल्ली दिली आणि तो तिचा कुणीतरी होता.

त्याच दुपारी मी नवऱ्याच्या भाच्याला फोन केला. तो वकील आहे. आधी मी आडून विचारलं, मग सगळं सांगून टाकलं. तो म्हणाला, मामी, घरमालक म्हणजे काही राखणदार नव्हे. चोरी चोराने केली, तुमचा काही संबंध नाही. पण घरात काय दोष आहे हे माहीत असून तुम्ही तो दुरुस्त केला नाही, वर विचारल्यावर खोटं सांगितलं, असं निघालं तर गोष्ट वेगळी. तिथे अकरावं कलम पुरेल असं सांगता येत नाही. तिने लेखी विचारलं होतं का? मी म्हटलं, तोंडी. मग झालं तर, तो म्हणाला, विचारतील तेवढ्याचंच उत्तर द्या. नवरा शेजारी बसून ऐकत होता. फोन ठेवल्यावर म्हणाला, आता काही बोलू नकोस. एवढ्या वर्षांत पहिल्यांदा मी त्याचं मुकाट्याने ऐकलं.

अक्काला तीन दिवस स्टेशनात बोलावलं. सकाळी यायचं, बाकावर बसायचं, संध्याकाळी अंधार पडायच्या आत घरी जायचं. अंगाला कुणी हात लावला नाही म्हणतात. तिच्या गावी जाऊन घराची झडती घेतली, शेजाऱ्यांच्या देखत डब्यांतली डाळ-तांदूळ परातीत ओतून पाहिले. काही मिळालं नाही. दुसऱ्या दिवशी मलाही पंचनाम्यावर सही करायला बोलावलं होतं. अक्का भिंतीशी बसलेली होती, मांडीवर तिची जेवणाची पिशवी. मी तिला विचारलं, काही खाल्लंस का. ती हो म्हणाली. मी सही केली आणि रिक्षाने घरी आले.

काही सापडलं नाही म्हणून तिला सोडलं. पण गल्लीतली घरं एकेक करून सुटली. कोपऱ्यावरच्या घराने मशीन घेतल्याचं कारण दिलं, एकाने गावी जाणार असल्याचं. बाकीच्या दोघांनी कारणही दिलं नाही. राहिले मी. मी तिला काढलं नाही. मी म्हटलं, अक्का, तुला फार त्रास झालाय, स्वल्प दिवस आराम कर, मी फोन करते. ती सरी अम्मा म्हणाली, फडकं पिळून दोरीवर टाकलं आणि गेली. मी फोन केला नाही. करणार नाही हे तिला तेव्हाच कळलं असणार. आज हे लिहिताना माझी मलाच किळस येते. चार घरांनी निदान तिला नको म्हटलं होतं.

दोन महिन्यांनी मुलीने जागा सोडत असल्याचं सांगितलं. ऑफिसजवळ एका पीजीत जाणार होती. खाली आली, खुर्चीच्या कडेवर बसली. म्हणाली, या घरात आता बरं वाटत नाही. पाटल्या गेल्या त्याचं वाटतंच, पण रोज सकाळी जिना उतरताना त्या बाईंची आठवण येते. सही माझी आहे ना. मग तिने सहज विचारलं, "काकू, त्यांनी केलंच नसेल तर?"

ती मला दोष देत नव्हती. मी तिच्या बाजूची आहे असं समजून बोलत होती. तेच मला सोसवेना. मी सगळं सांगून टाकलं. लॅच बदललाच नव्हता, पुण्याची किल्ली आली नव्हती, तिच्यावर माझ्या हाताने लिहिलेला पत्ता होता.

 ती म्हणाली, "तुम्ही 'नाही' म्हटलं असतं ना, तर मीच माणूस बोलावून त्याच दिवशी बदलून घेतला असता."

मी माफी मागायला लागले. तिने हात वर करून मला थांबवलं. पाटल्यांचं राहू द्या म्हणाली, केस-बिस मी काही करणार नाही. पण त्या बाईंचं काय? तुम्ही जाऊन सांगणार आहात की मी जाऊ? मला भाषा येत नाही, तरी मी जाईन. तिचा आवाज चढला नव्हता, पण त्या दिवसानंतर तिने मला काकू म्हटलं नाही.

मी गेले. आधी पोलीस स्टेशनात. तिथल्या लेखनिकाने माझं ऐकून घेतलं आणि विचारलं, त्या किल्लीने कोण आलं ते माहीत आहे का. मी म्हटलं, नाही. मग लिहून द्या, फायलीला लावतो, म्हणाला. मी कन्नडमध्ये दोन पानं लिहून दिली. त्याने शिक्का मारला. मी उभीच राहिले. मला वाटत होतं, तो रागावेल, निदान काहीतरी बोलेल. तो म्हणाला, झालं अम्मा, तुम्ही जाऊ शकता. भाच्याला कळवलं तर तो आधी चिडला, आणि मुलगी काही करणार नाही हे कळल्यावर म्हणाला, सुटलात.

मग गल्लीतली चार घरं. प्रत्येक घरी बसून मी तेच सांगितलं, अक्काने काही केलेलं नाही, चूक माझी आहे, किल्ली बाहेर होती, मी खोटं बोलले. पहिल्या घरी मला कॉफी मिळाली. त्या बाई म्हणाल्या, तुमचं मन फार मोठं आहे, कामवालीसाठी कोण एवढं करतं? मी म्हटलं, अहो, हे खरं आहे. त्या हसल्या, हो, हो म्हणाल्या. दुसऱ्या घरी सुनेने सासूला आतून बोलावून आणलं आणि माझ्याकडे बोट दाखवून सांगितलं, बघा, स्वतःवर घेतायत. तिसऱ्या घरी म्हणाले, असेलही तसं, पण आता दुसरी ठेवलीय. चौथ्या घरातल्या गृहस्थांनी मला फाटकापर्यंत सोडलं आणि हळू आवाजात बजावलं की या लोकांची एवढी दया बरी नव्हे. मी इतकी संतापले की त्यांच्या फाटकाशीच ओरडून म्हटलं, मी खोटारडी आहे, तुम्हाला कळत कसं नाही? त्यांनी माझ्या नवऱ्याला फोन करून माझी तब्येत कशी आहे विचारलं. मी कधी खोटं बोलेन यावर जयनगरात कुणाचा विश्वास नाही. तीस-चाळीस वर्षं मीच तर हे नाव कमावलं होतं.

शेवटी आनेकलची बस धरली. आधीच जायला हवं होतं, पण मला तिच्याकडे रिकाम्या हाताने जायचं नव्हतं. सगळ्यांना सांगून आले, असं तिला सांगायचं होतं. तिच्या गावच्या थांब्यावर उतरून विचारत विचारत गेले. पोलिसांनी झडती घेतलेलं घर कोणतं, हे सांगायला कुणाला वेळ लागला नाही.

अक्का कामावर निघायच्या तयारीत होती. आता ती तिथल्याच एका छोट्या कारखान्यात डबे भरायला जाते. दिवसभर उभं राहावं लागतं म्हणाली. मला तिने खुर्ची दिली, पाणी दिलं. मी सांगायला सुरुवात केली. लॅच, पुण्याचं जोडपं, हरवलेली किल्ली. ती मध्येच म्हणाली, "अम्मा, मला माहीत आहे."

मी विचारलं, कसं?

ती म्हणाली, किल्ली हरवली तेव्हा त्या पुण्याच्या बाईबरोबर पलंगाखाली वाकून मीच शोधत होते ना. आणि त्यानंतरही वरचं दार मी त्याच खुंटीच्या किल्लीने उघडत होते. कुलूप बदलल्यावर जुनी किल्ली लागते का?

इतकी साधी गोष्ट. मला ती सुचली नव्हती, कारण त्या दिवसांत अक्काला काय माहीत असेल याचा मी विचारच केला नव्हता.

"तुम्ही पोलिसांना कन्नडमध्ये सांगितलं, कुलूप नवीन आहे म्हणून," ती म्हणाली. "मी मागे भांडी घासत होते. ऐकलं."

मग तू का नाही बोललीस, मी विचारलं.  तुला तीन दिवस बसवलं, घर उपसलं, एका वाक्यात सुटली असतीस.

"मी सांगितलं असतं तर अम्मा खोटं बोलतात असं सांगावं लागलं असतं. माझं कोणी ऐकलं असतं?" ती म्हणाली. "तुमचं ऐकलं असतं. म्हणून वाट बघत होते. दुसऱ्या दिवशी तुम्ही स्टेशनात आलात तेव्हा वाटलं, आता सांगतील."

तिच्या आवाजात राग नव्हता. तिला उशीर होत होता. तिने दाराला कडी घातली आणि परतीची बस कुठे थांबते ते मला हात करून दाखवलं.

त्या दुसऱ्या दिवशी मी तिच्यासमोरून जाऊन सही केली होती. घरी येऊन हातपाय धुतले होते, पोटभर जेवले होते आणि दुपारी झोपलेही होते.